पायरीवर चप्पल नसली म्हणजे

१

"चपला बाहेर काढा."

दिवसातून वीस वेळा मी हे एकच वाक्य बोलते. देवळाच्या पायरीशी माहा स्टूल आहे, बाजूले पुरातत्त्व खात्यानं लावलेली निळी पाटी आहे. हे स्मारक संरक्षित आहे, नासधूस केली तं दंड होईल, असं पाटीवर लिहिलं आहे. लोक पाटी वाचत नाहीत. मलेच विचारतात, आत देव आहे का? मी म्हणते, नाही. मग चपला कायले काढाव? बापा, ह्या एका प्रश्नानं माहं डोकं खाल्लं आहे.

देव नाही हे खरं आहे. वणीच्या रस्त्याले, आमच्या गावाच्या अलीकडं, नाल्याच्या काठावर हे काळ्या दगडाचं देऊळ आहे. हेमाडपंती म्हणतात त्याले. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. शिखर कधीचंच पडलं. पुढं खांबाखांबांचा मंडप अन् मंडपाच्या मागं एक अंधारी खोली, तो गाभारा. गाभारा रिकामा. मूर्ती कधी गेली, कोणी नेली, गावात कोणाले ठाव नाही. वटवाघुळं तेवढी आहेत, अन् त्यांची घाण रोज सकाळी मले झाडाव लागते.

माह्याआधी पुंडलिककाकाजी इथं पहारेकरी होते. चाव्या हातात देताना त्यांनीच मले सांगतलं, "शीला, चपला देवासाठी नाही. मोजायसाठी. आत वीस खांब आहेत, अंधार आहे. कोण कुठं लपलं, कोण दारू पिऊन पडलं, किती शोधशील? दार एक, पायरी एक. संध्याकाळी साडेपाचले तीनदा आवाज द्यायचा, कोणी आहे का. मग पायरी पाहायची. पायरीवर चप्पल नसली म्हणजे आत कोणी नाही. कुलूप लावायचं अन् घरी जायचं. मी बावीस वर्षं असंच केलं."

मले ते पटलं. मंडपातल्या अंधारात एकटीनं फिरण्यापेक्षा पायरीकडं पाहणं सोपं होतं. भीती नव्हती वाटत. आम्ही बौद्ध माणसं, भूत, करणी, लागिर आमच्या घरात चालत नाही. रविवारी विहारात वंदना मीच सांगते. हे आधीच सांगून ठेवते, नाही तं पुढचं ऐकून म्हणसाल की बाईच भोळसट होती.

२

मार्चमधी वणीहून जफरभाई आला होता. गॅरेजवाला माणूस, बायको नुजहतले घेऊन आलता. दोघायले जुनी देवळं, किल्ले, मकबरे पाहायचा भारी नाद. अपघातात जफरभाईचा एक पाय आखूड झालता, म्हणून चालताना तो डाव्या खांद्यानं झुकायचा.

दुपारचे चार वाजले असतील. दुसरं कोणी नव्हतं. नुजहत लवकर बाहेर आली, माह्याजवळ बसून पाणी प्यायली. गप्पा करता करता तिनं रस्त्याकडं पाह्यलं अन् उठून उभी राह्यली.

"अरे, ये तो चल दिए! अजी सुनो, गाडी इधर है!"

रस्त्यानं एक माणूस चालला होता. पाठमोरा. डाव्या खांद्यानं झुकत. मी म्हटलं, भाई रागावले का काय तुमच्यावर? ती हसली, तोंडावर हात ठेवून अजून एकदा हाक मारणार, तेवढ्यात आमच्या मागून आवाज आला.

"ताई, माझी चप्पल कुठं गेली?"

जफरभाई पायरीवर अनवाणी उभा होता.

मी परत रस्त्याकडं पाह्यलं. वळणावर कोणी नव्हतं. नुजहतनं माहा हात धरला होता, तिची बोटं गार पडली होती. मी डोकं चालवलं. चोर होता. चप्पल पायाले मोठी झाली असंल म्हणून लंगडत गेला. जफरभाई तं हसतच सुटला, "चोराला पण माझीच मिळाली का!" म्हणे. गरम मातीवर उड्या मारत तो गाडीपर्यंत गेला. नुजहत काही हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढायले गेली तं चपला पायरीवर होत्या. नीट जोडून ठेवलेल्या, टाचा रस्त्याकडं, अंगठे देवळाकडं. मी जफरभाईले फोन लावला. तो नुजहतनं उचलला. "फेक दो ताई," ती म्हणाली. "हमको नहीं चाहिए."

मी त्या नाल्यात फेकल्या. कोणीतरी गंमत केली, असं समजून मी तो विषय सोडला.

३

उकंडा माहा नवरा. नाव घेतलं तं कोणी मले खात नाही. दहा वर्षं त्यानं राजूरकडं कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्र्या बांधल्या. उभ्या ट्रकावर चढायचं, काळ्या धुळीत गुडघाभर उभं राहायचं, दोर ओढायचा. छाती गेली त्याची. मागच्या होळीले डॉक्टरनं मले अन् आत्याबाईले बाहेर बलावून सांगतलं की हे दिवाळी पाहतील असं वाटत नाही. आत्याबाई म्हणजे माही सासू, रुखमाबाई. एक लेक तिचा विहिरीत बुडून गेलता, हा दुसरा. ती दवाखान्याच्या भिंतीले हात लावून उभी राह्यली.

त्याचा खोकला मले पाठ होता. दोन आखूड, मग एक लांब, अन् शेवटी छातीतून बारीक शिट्टी. तीन घरं सोडून कोणीही सांगावं की उकंडा आला. पण माणूस भारी गमत्या. खोकता खोकता माह्या नकला करायचा, "चपला बाहेर काढा" असं माह्याच आवाजात म्हणायचा. रोज दुपारी एक किलोमीटर चालून तो मले डबा आणायचा. वाटेत तीनदा बसायचा, मधल्या लहानशा पुलियावर हमखास, पण आणायचाच.

मे महिन्यात त्या दिवशी सकाळीच आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "ऊन पाहा कसं आहे. घरीच राहा. रस्त्यात पडले तं मी कुठं कुठं पाहू?"

"पडलो तं तुह्या स्मारकात ठेव," तो म्हणाला. "संरक्षित आहे ते."

मले हसू यायच्या ऐवजी संताप आला. तीन वर्षं रात्र रात्र जागून माहं डोकं फिरलं होतं. "मरा मग," मी म्हटलं. असं म्हटलं मी. त्याच्या तोंडावर.

तरी तो डबा घेऊन आला. मी रागातच जेवली. जेवण झाल्यावर त्यानं पायरीवर चपला काढल्या अन् आत थंडाव्यात जाऊन पडला. साडेपाचले मी तीनदा आवाज दिला, कोणी आहे का आत. पायरी पाह्यली. पायरी रिकामी होती. रस्त्याकडं पाह्यलं तं त्याची पाठ दिसली, चौकटीचा शर्ट, खांद्यावर दुपट्टा.

"अहो! थांबा न, मीही येते!"

तो वळला नाही. रागावला, मी म्हटलं, हक्कच आहे त्याचा. तो पुलियावर बसला नाही, चढावर थांबला नाही, सरळ चालत गेला. आज दम लागला नाही म्हणून मले बरंच वाटलं. मी जाळीचं दार ओढलं अन् कुलूप लावलं.

४

घरी आली तं तो बाजेवर बसलता. पायात चपला.

"चपला!" मी दारातूनच ओरडली. शेणानं सारवलेलं घर आमचं, त्यानं कधी उंबरा चपलेनं ओलांडला नाही. त्यानं माह्याकडं पाह्यलं, पण पाय हलवले नाहीत.

"बसू दे वं," आत्याबाई म्हणाली. "थकला असंल."

तो तसाच जेवला अन् चपलेसकट बाजेवर आडवा झाला. सांगायले लाज वाटते, पण त्या रात्री मी पोटभर झोपली. तीन वर्षांत पहिल्यांदा. सकाळी उठली तेव्हा ध्यानात आलं की रात्रभर तो खोकललाच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही नाही. पाचव्या दिवशी आम्ही त्याले वणीले नेलं. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, उजेडापुढं धरला, मग जुना फोटो धरला, मग परत नवा. "हे फुप्फुस कोणाचं आहे?" त्यानं विचारलं. आत्याबाईनं तिथंच डोळ्याले पदर लावला. गावात जो तो येऊन पाहून गेला. आत्याबाईनं पुरणपोळ्या केल्या.

मले तेवढा आनंद काहून होत नव्हता, हे मलेच समजेना. तो बोलायचा, पण विचारलं तेवढंच. नकला नाही, गंमत नाही. डबा आणायचा नाही. दिवसभर बाजेवर बसून दाराकडं पाहायचा, अन् पायातल्या चपला काही निघत नव्हत्या. आंघोळीलेही नाही. मी समजली, अजून राग धरून आहे. एका दुपारी त्याच्याजवळ बसली अन् म्हटलं, "मी तसं बोलाव नव्हतं पायजे. मरा मग, असं. चुकलं माहं."

"हो," तो म्हणाला.

बस, तेवढंच. उकंडा असता तं या एका वाक्यावर त्यानं मले वर्षभर छळलं असतं.

५

देवळाच्या मागच्या भिंतीले, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक भोक आहे. गाभाऱ्यात देवावर ओतलेलं पाणी पूर्वी त्या भोकातून बाहेर यायचं म्हणतात. हाताचा पंजा जाईल एवढं. त्याच्याजवळच नळ आहे, तिथं मी डबा धुते.

आठवा दिवस असंल. दुपारी डबा विसळत होती अन् खोकला ऐकू आला. दोन आखूड, एक लांब, मग शिट्टी.

"आले का?" मी मान वर न करता म्हटलं. "सावलीत या इकडं." मले आनंदच झाला, की चला, राग गेला, डबा नाही तं नाही, माणूस तरी आला. मग मी मान वर केली. कोणी नव्हतं. रस्त्यावर नाही, नाल्यात नाही.

परत खोकला आला. भिंतीतून आला.

मी मनाले समजावलं. वानरं खोकलतात, अगदी माणसावानी. पण वानरं शिट्टी वाजवत नाहीत. मग म्हटलं, कानच तो आहे, तीन वर्षं तेच ऐकलं, आता आवाज बंद झाला तं कान आपल्या मनानं वाजवून राह्यला. हे मले पटलंही असतं. पण डबा तिथंच टाकून मी मंडपातून गाभाऱ्यात धावली. मोबाईलचा लाईट चारही कोपऱ्यात फिरवला. धूळ, घाण, चार भिंती. आतून ते भोक दिसत होतं अन् भोकातून बाहेरचा उजेड. खोकला नव्हता.

मी जाळीले कुलूप लावलं अन् भर उन्हात घरी गेली. तो बाजेवर बसला होता. आत्याबाई त्याले पंख्यानं वारा घालत होती. "काय वं, एवढ्यात?" तिनं विचारलं. मी पाणी प्यायली अन् परत आली.

६

मी शाळा दहावीपर्यंत शिकली आहे. म्हटलं, पाहूनच टाकू काय ते.

डब्याचं स्टीलचं झाकण मी गाभाऱ्यात मधोमध ठेवलं. मग भिंतीले वळसा घालून मागं गेली, जमिनीवर पालथी पडली अन् भोकात लाईट मारून डोळा लावला. झाकण दिसाव, अन् ते दिसलं की मी घरी जाऊन सासूले सांगाव की मले दवाखान्यात दाखव.

झाकण नव्हतं.

पाय होते. अनवाणी दोन पाय, माह्या डोळ्यापासून हातभर. डाव्या अंगठ्याचं नख काळं, मधोमध चिरलेलं. ट्रकाचा फाळका पडलता त्याच्यावर. ते नख मी सहा महिने हळद लावून बांधलं होतं.

त्याच्या मागंही पाय होते. लाईट पुरत नव्हता, पण होते. पुष्कळ. बाजारात दाटीनं उभे राहतात तसे, धुळीनं भरलेले, बारीक, न हलणारे.

"अहो," मी म्हटलं.

"शीले? आलो, आलो." त्याचा आवाज. तो गमतीचा, घरघरणारा. "चप्पल दिसून नाही राह्यली माही. इथंच तं काढली होती. कोणी नेली का पाह्य बरं बाहेर."

"तुम्ही कधीचे आहात तिथं?"

"कधीचा म्हणजे? आत्ताच तं डोळा लागला होता. अंधारलं का वं एवढ्यात?" मग खोकला आला, लांब, अन् तो खाली बसला असंल, कारण गुडघे दिसले. तोंड दिसलं नाही. त्याचा श्वासाचा पंप माह्या पिशवीत पडून होता, घरी बाजेवर बसलेल्याले त्याची गरजच नव्हती. मी तो भोकातून आत सारला, खांद्यापर्यंत हात घातला. त्याच्या बोटांनी तो घेतला, अन् मग माही बोटं धरली. गरम होती. माह्याच नवऱ्याची होती.

"राग गेला का तुहा?" त्यानं विचारलं.

"गेला," मी म्हटलं. "केव्हाच गेला."

"मग चप्पल पाहा न. चपलेबिगर कसा येऊ?"

७

मी वणीहून आठ नंबरच्या नव्या चपला आणल्या अन् पायरीवर ठेवल्या. दिवसभर त्या तशाच. भोकातून विचारलं तं तो म्हणाला, "ह्या कोणाच्या आहेत वं? माह्या नाहीत."

पोलिसांत जायचा विचार आला. काय सांगणार? नवरा हरवला. कुठं आहे? एक घरी आहे, बाजेवर. हसले असते, नाही तं मलेच गाडीत घालून नेलं असतं. मग मी पुंडलिककाकाजीकडं गेली. ते अंगणात बसलते. मी सगळं सांगतलं, जफरभाईपासून. काकाजी ऐकून घेत होते अन् हळूहळू त्यांचं तोंड पांढरं पडत होतं.

"त्याच्या चपला परत पायरीवर ठेव," ते म्हणाले. "त्याच्याच. घरच्याच्या पायातल्या."

"तुम्हाले कसं माहीत?"

"मले काही माहीत नाही."

"काकाजी, आत पुष्कळ पाय आहेत. तुम्ही बावीस वर्षं कुलूप लावलं."

ते उठले अन् घरात गेले. दार लावून घेतलं. आतून म्हणाले, "मी दर वेळी पायरी पाह्यली होती, पोरी. दर वेळी." म्हातारा माणूस हमसून रडत होता. मले त्याची कीव आली नाही.

घरच्याच्या पायातल्या चपला काढायच्या तं आत्याबाईच्या समोर काढाव लागणार. ती त्याच्याजवळून हलत नव्हती. मी म्हटलं, तिलेच नेते, ऐकवते. माय आहे ती.

दुसऱ्या दिवशी तिले देवळामागं नेलं. "काय आहे वं इथं?" करत ती आली. भोकाजवळ बसवलं. बराच वेळ काही आवाज नाही. मग खोकला आला. आधीपेक्षा बारीक, दोन आखूड, एक लांब. शिट्टी अर्ध्यात तुटली.

आत्याबाईनं दगडावर पंजा ठेवला. लेकराची पाठ थोपटावी तशी ती भिंत थोपटत राह्यली. मले वाटलं, आता ती धावत घरी जाईल. ती उठली, लुगडं झटकलं अन् हळूहळू, रोजच्यासारखी चालत गेली.

८

त्याच दुपारी मी सुट्टी टाकून घरी गेली. तो बाजेवर निजला होता. आत्याबाई भिंतीले टेकून डोळे मिटून बसली होती.

मी खाली बसली अन् त्याच्या डाव्या चपलेचा पट्टा सोडला. चप्पल हातात आली. अन् मी त्याचा पाय पाह्यला. अंगठ्याचं नख काळंच होतं, चिरलेलं. पण तळवा मऊ होता. गुलाबी. एक भेग नाही, घट्टा नाही. आठ दिवसांच्या लेकराचा तळवा असते तसा, कधी जमिनीले न टेकलेला.

माह्या मनगटावर हात पडला. आत्याबाई जागीच होती.

तिनं माह्या हातातून चप्पल घेतली. बाजेपाशी खाली बसली, तो पाय आपल्या मांडीवर घेतला अन् चप्पल परत चढवली. पट्टा लावला. शाळेत जाणाऱ्या पोराले घालून द्यावी तशी. तो निजलेलाच होता.

"आत्याबाई, हा तुमचा लेक नाही."

"माहीत आहे मले."

"मग?"

"हा खोकत नाही, शीले." ती माह्याकडं पाहत नव्हती. "त्याले डॉक्टरनं दिवाळी सांगतली. आणशील बाहेर, अन् काय करशील? चार महिने. चार महिन्यांनी मी त्याले जाळू? एकाले जाळलं मी. हा राहील. हा माह्यानंतरही राहील."

"तो तिथं अंधारात चप्पल शोधून राह्यला! तुमच्या पोटचा आहे तो!"

तेव्हा ती फुटली. माह्या पायावर डोकं ठेवलं, सत्तर वर्षांच्या बाईनं. "एक दिवस दे मले," ती म्हणाली. "फक्त आजचा. याले आज पाहू दे. मी मन घट्ट करते. उद्या तूच काढ, मी आडवी येणार नाही. एक दिवस, माय."

मी दिला. सासू पाया पडली म्हणून दिला, असं मी स्वतःले सांगत असते. पण ते अर्धंच खरं आहे. घरात शांत होतं. कोणी खोकत नव्हतं. मले अजून एक रात्र झोप पायजे होती. उद्यापासून परत तेच सुरू होईल, रात्र रात्र छाती शेकणं, उशाशी वाटी धरणं, असं माह्या मनात आलं. आलं होतं. आता नाही म्हणून काय उपयोग?

अन् मी झोपली. चांगली झोपली.

९

सकाळी चपला काढायच्या आधी मी देवळाकडं गेली. त्याले सांगाव म्हटलं, की थांबा, आणते, आज आणतेच.

भिंतीजवळ बसली. काही आवाज नाही. नऊ वाजले. मी हाक मारली. कधी तोंडावर नाव घेतलं नव्हतं, ते घेऊन मारली. "उकंडा! ओ उकंडा!" मग पालथी पडली अन् लाईट लावला.

पाय आता उभे नव्हते. टाचा खाली, तळवे माह्याकडं. भेगा पडलेले, कोळशानं काळे झालेले तळवे, मले एकेक भेग पाठ. त्याच्या दोन्ही बाजूंनी ते बाकीचे पाय होते. आधी पाह्यलं तेव्हा त्यांची बोटं माह्याकडं होती. आज सगळे त्याच्याकडं वळून उभे होते.

मी हात घातला. खांदा सोलला तरी घातला. पोचला नाही.

किती वेळ पडून होती कोण जाणे. उठून पुढं आली तं रस्त्यानं आत्याबाई येत होती. डोक्यावर पदर नाही, उन्हात धापा टाकत, जवळजवळ पळत. तिच्या हातात दोन्ही चपला होत्या.

"काढल्या वं, शीले!" ती लांबूनच ओरडली. "मीच काढल्या! रातभर त्याचा खोकला कानात वाजला माह्या. चार महिने तं चार महिने. घे, ठेव लवकर, बलाव त्याले!"

मी हात पुढं केला नाही. तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. मग चपला स्वतःच पायरीवर ठेवल्या, नीट जोडून, अन् मंडपाच्या दारात तोंड घालून हाक मारली. "उकंडा! ये बापा! चप्पल आणली मी!" वटवाघुळं फडफडली. ती थांबली, कान दिला, परत हाक मारली. कितीतरी वेळ मारत राह्यली. शेवटी तिचा आवाज बसला अन् ती खांबाले धरून खाली आली.

आम्ही दोघी पायरीवर बसलो.

तेवढ्यात रस्त्यावर तो दिसला. अनवाणी होता. जपून, पाय उचलून टाकत, खडे टोचत असल्यासारखा येत होता. पायरीपाशी आला. आमच्या दोघींच्या मधी ठेवलेल्या चपला त्यानं पायात घातल्या, वाकून पट्टे लावले.

"चला घरी," तो म्हणाला.

आम्ही उठलो. कुठं जाणार होतो दुसरीकडं? तो पुढं, आम्ही मागं. गावाच्या तोंडाशी हंसाबाई भेटली, शेजारीण आमची. कामाले निघाली होती. त्याले झरझर चालताना पाहून ती थांबली, तिले खरंच आनंद झाला होता.

"काय वं रुखमाबाई," ती म्हणाली, "उकंडाची तब्येत चांगलीच सुधरली!"

आत्याबाईनं तोंडात पदर कोंबला होता. तो तिनं काढला.

"हो," ती म्हणाली. "सुधरली."